पिशवीतलं म्युझियम

ट्रिपहून येताना आपण काय आणतो? आणि म्युझियममधल्या वस्तू तरी कुठून आलेल्या असतात? लंडन, भायखळा, हैदराबाद, पुणे आणि सावंतवाडी... काचेच्या अलीकडची आणि पलीकडची एक शॉपिंग टूर!

कुणाच्याही घरी जा. ही मंडळी कुठे कुठे फिरून आलीत, हे हॉलमधल्या फोटोंपेक्षा किचनमधल्या फ्रीजच्या दारावरून लवकर कळतं. आयफेल टॉवर, लंडनची लाल डबलडेकर, थायलंडचा हत्ती, सिंगापूरचा मर्लायन आणि मधेच कुठेतरी गोव्याचं नारळाचं झाड. मॅग्नेट्सची नुसती गर्दी! त्यातला एखादा काढून उलटा करून बघा. देश कुठलाही असो, पाठीमागे बऱ्याचदा एकच शिक्का सापडतो, 'मेड इन चायना'.

यात वाईट काही नाही. ट्रिप संपत आलेली असते, एअरपोर्टवर शेवटचा तास हातात असतो, ऑफिसमधल्या आठ जणांना काहीतरी द्यायचं असतं आणि खिशातली नाणी संपवायची असतात. मॅग्नेट स्वस्त, हलका, न फुटणारा. सोय झाली! प्रश्न एवढाच, की दोन वर्षांनी तो मॅग्नेट विजेचं बिल धरून ठेवण्यापलीकडे तुमच्याशी काही बोलतो का?

गेल्या दहा-बारा वर्षांत आधी नोकरीच्या निमित्ताने आणि मग हौसेने मी बरीच म्युझियम्स पालथी घातली. हळूहळू एक गंमत लक्षात आली. म्युझियम म्हणजे तरी काय हो? कुणीतरी, कधीतरी, कुठून तरी आणलेल्या वस्तू. काही विकत आणलेल्या, काही मागून आणलेल्या, काही भेट मिळालेल्या, तर काही सरळ लुटून आणलेल्या. म्हणजे एका अर्थी प्रत्येक म्युझियम ही कुणाची तरी प्रवासाहून आलेली पिशवीच! फक्त ती रिकामी करून काचेत मांडलेली आणि वर लाइट सोडलेला. ही वस्तू इथे आली कशी, हे विचारायची एकदा सवय लागली, की आपण स्वतःच्या पिशवीकडेही जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

टिपूचा वाघ, मुक्काम लंडन

२०१८ मध्ये प्रोजेक्टसाठी तीन महिने लंडनला होते. ऑनसाइटला गेलेल्या मराठी माणसाचं पहिलं गणित काय असतं? पाउंड गुणिले नव्वद! साधी कॉफी घ्यायची म्हटली तरी पोटात गोळा येतो. अशा वेळी माझ्या रूममेटने बातमी आणली, "अगं, इथली मोठमोठी म्युझियम्स फुकट आहेत!" झालं. पुढचे सगळे वीकएंड ठरून गेले.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनवर उतरायचं, तिथल्या लांबलचक बोगद्यातून चालत राहायचं, की थेट व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. इतकं मोठं, की पहिल्या दिवशी मी फक्त हरवले. दुसऱ्या खेपेला भारतीय दालनात 'तो' भेटला. रंगवलेला लाकडी वाघ, पावणेसहा फुटांहून जरा लांबच. त्याच्याखाली उताणा पडलेला एक गोरा साहेब, गळ्याशी वाघाचा जबडा. वाघाच्या पोटात चक्क एक ऑर्गन बसवलाय. हँडल फिरवलं, की साहेबाचा हात वरखाली होतो, तो कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. आता हे सगळं जपून ठेवलेलं असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला हँडलला हात लावता येत नाही, पण नुसतं बघूनही अंगावर काटा येतो.

टिपू सुलतानासाठी १७९०च्या दशकात बनवलेलं हे यंत्र. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि राजवाड्यातल्या संपत्तीची जिंकलेल्या सैन्यात वाटणी झाली. त्याचं सिंहासनसुद्धा तोडून तुकडे केले गेले. वाघ मात्र अख्खा राहिला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पोचला. १८०८ पासून तो लोकांना बघायला ठेवला होता. तेव्हा हँडल फिरवायला मनाई नव्हती. बघायला येणारा प्रत्येक जण एकदा तरी वाघाला गुरगुरायला लावायचा आणि तिथल्या लायब्ररीत वाचत बसलेली मंडळी वैतागून जायची! ज्या वाघाने साहेबाला खाल्लं, तोच वाघ साहेबाच्या पोराबाळांचं खेळणं झाला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बमुळे छत कोसळून त्याचे शेकड्याने तुकडे झाले, ते पुन्हा जोडले. इतकं सगळं होऊनही तो ऐटीत उभा आहे.

आणि त्याची सूव्हेनिअर्स? वा, तीही आहेत ना! याच वाघाची पोस्टकार्डं, कागदी मॉडेल्स, मऊ मऊ कापडी वाघ असं काय काय म्युझियमच्या दुकानात विकलं गेलंय. लुटून आणलेल्या वस्तूची प्रतिकृती, ज्यांच्याकडून लुटली त्यांनाच विकायची. बिझनेस सेन्स म्हणतात तो हाच! मी पोस्टकार्ड घेतलं. मागच्या बाजूला बॉलपेनने लिहून ठेवलं – श्रीरंगपट्टण, १७९९.

आपल्या जिव्हाळ्याची आणखी एक वस्तू याच म्युझियमच्या संग्रहातली. वाघनखं! जेम्स ग्रँट डफ हा १८१८ नंतर साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. पेशव्यांच्या मुख्य कारभाऱ्याने शिवाजी महाराजांची म्हणून ही वाघनखं त्याला भेट दिली, असं त्यांच्या पेटीवर लिहिलंय. पुढे त्याच्या नातवाने ती म्युझियमला दिली. ती महाराजांनी वापरलेलीच का, हे खात्रीने सिद्ध करता येत नाही, असं खुद्द म्युझियमही म्हणतं. पण २०२४च्या जुलैमध्ये ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली, तेव्हा आमच्या गावाकडची मंडळी जीप करून बघायला गेली होती. काका फोनवर म्हणाले, "अगं, एवढीशी आहेत. पण बघताना हात आपोआप जोडले गेले."

विचार करा, बदली होऊन घरी जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानातली ही वस्तू. तिला पुन्हा साताऱ्याचं तोंड बघायला जवळपास दोनशे वर्षं लागली. आणि तेही उसनवारीवर!

साहेबाचं एक्सेस बॅगेज

पण सगळंच काही सामानात मावत नाही. याचा पुरावा बघायचा तर लंडनला जायची गरज नाही. लोकलने भायखळ्याला उतरा आणि राणीच्या बागेत जा. तिथल्या डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमचं जुनं नाव होतं, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम! १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. लंडनच्या म्युझियमला हे नाव मिळालं १८९९ मध्ये. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या सत्तावीस वर्षं पुढे. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं. आत शिरलात, तर मातीच्या चिमुकल्या बाहुल्या नक्की बघा. जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे धंदे, पोशाख, पगड्यांचे प्रकार, सगळं त्यात सापडतं.

पण मी म्हणतेय तो पुरावा आत नाही, बाहेर आहे. एक भलाथोरला दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरीचा. त्याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये ब्रिटिशांना वाटलं, हा हत्ती इंग्लंडला न्यावा. क्रेन लावली, हत्ती उचलला आणि क्रेनच मोडली! हत्ती खाली पडून फुटला. इंग्लंडवारी रद्द. तुकडे मुंबईत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आजही जवळ जाऊन बघितलं, की सांधे दिसतात.

मला हा हत्ती फार आवडतो. वजन जास्त भरलं म्हणून आपल्याकडे राहिलेला हा बहुधा एकमेव हत्ती! मात्र ज्या बेटाला त्याने नाव दिलं, तिथे तो नाहीच. दर वीकएंडला गेटवेहून लाँच पकडून हजारो लोक एलिफंटाला जातात आणि एलिफंट भायखळ्याला उभा असतो.

नवाबाची शॉपिंग लिस्ट

आता जरा वेगळी पिशवी बघू. इथे लूट नाही, क्रेन नाही. रोख पैसे मोजून केलेली शॉपिंग, तीसुद्धा आयुष्यभर!

२०१४ साली नव्या नोकरीच्या ट्रेनिंगला हैदराबादला होते. रविवारी सगळी बॅच बिर्याणीवर तुटून पडायची, आणि मग जडावलेल्या पोटाने कुठेतरी थंड जागी जायचं म्हणून आम्ही मुसी नदीकाठच्या सालारजंग म्युझियममध्ये शिरलो. एका तासात बाहेर पडू म्हणत होतो, संध्याकाळी सिक्युरिटीवाल्याने काढलं तेव्हाच बाहेर आलो.

मीर युसुफ अली खान ऊर्फ तिसरा सालारजंग. तरुणपणी दोनेक वर्षं निजामाचा दिवाण होता. १९१४ मध्ये ते पद सुटलं, आणि त्यानंतर १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत या माणसाने प्रामुख्याने एकच काम केलं, वस्तू जमवल्या. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. चिनीमाती, घड्याळं, हस्तलिखितं, तलवारी, हस्तिदंत, खेळणी... काय आणलं नाही ते विचारा. तो गेल्यावर हे सगळं विखरून जायला वेळ लागला नसता. पण १९५१ मध्ये त्याच्याच देवडीत म्युझियम सुरू झालं, पंडित नेहरूंच्या हस्ते. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचं ठरवलं आणि १९६८ मध्ये ते आजच्या इमारतीत आलं.

तिथली संगमरवरी रिबेका तुम्ही फोटोत पाहिली असेल. चेहऱ्यावर ओढणी, आणि ओढणीतून आरपार दिसणारा चेहरा. दगडातून ओढणी कशी कोरतात, हे मला अजून कळलेलं नाही! इटालियन शिल्पकार जिओवानी मारिया बेंझोनीचं हे काम. ही मात्र तिसऱ्याची खरेदी नाही. पहिल्या सालारजंगाने १८७६ मध्ये ती रोमहून आणली. म्हणजे शॉपिंगचं वेड घराण्यातच होतं. दुसरीकडे एक लाकडी पुतळा आहे, समोरून मस्तवाल मेफिस्टोफेलिस आणि मागून मान खाली घातलेली मार्गारेटा. एकाच ओंडक्यात दोघं. मागे आरसा ठेवलाय म्हणून दोघं एकदम दिसतात.

पण खरी गर्दी असते ती घड्याळापुढे. तास भरायच्या आधी लोक जागा धरून बसतात. कडेवर पोरं, हातात मोबाइल. घड्याळातला एक छोटा लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. तास भरला, की दार उघडून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, टोल देतो आणि आत जातो. बस, एवढंच! पण त्या क्षणी सगळा चौक चिडीचूप. शेजारी बसलेल्या बुरख्यातल्या काकूंनी माझ्या मैत्रिणीला विचारलं, "पहिली बार देखे क्या?" ती हो म्हणाली, तर काकू हसून म्हणाल्या, "हमारे अब्बा लेके आते थे. अब हम बच्चों को लाते." वस्तू कुणाचीही असो, ती बघायला बापाने लेकीला आणावं आणि लेकीने पुढे आपल्या पोरांना. नवाबाचा पैसा इथे खऱ्या अर्थाने वसूल झालाय.

त्याच म्युझियममध्ये बिदरीचं दालन बघितलं आणि संध्याकाळी बाजारात जाऊन बिदरीची एक छोटी डबी घेतली. दुकानदार गप्पिष्ट होता. धातू जस्ताचा, त्यात थोडं तांबं. आधी ओतायचं, मग नक्षी कोरायची, त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण लावून घासायचं. जस्त काळंकुट्ट होतं, चांदी मात्र पांढरी ती पांढरीच. "मॅडम, मिट्टी किल्ले की ही लगती," तो ठासून म्हणाला. कारागीर म्हणे ती माती जिभेवर ठेवून पारखतात. ती डबी आजही माझ्या टेबलावर आहे. त्यात पेनड्राइव्ह ठेवते. पण कुणी हातात घेतली, की किल्ल्यातल्या मातीची गोष्ट सांगितल्याशिवाय मी ती परत घेत नाही.

आजी आणि अडकित्ता

सगळ्यात जास्त वेळा मी गेलेय ते मात्र आपल्या पुण्यातल्या राजा दिनकर केळकर म्युझियममध्ये. बाजीराव रोडवरून आत वळायचं. बाहेरून कळतही नाही, की आत एवढं घबाड आहे.

दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी'. घरचा चष्म्यांचा धंदा. १९२०च्या सुमारास त्यांना वस्तू जमवायचा नाद लागला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि हा सगळा संसार त्यांनी त्याच्या नावे केला. ते काही नवाब नव्हते. त्यामुळे रोमचे संगमरवरी पुतळे त्यांच्या यादीत नव्हते. दिवे, दौती, फण्या, कुलपं, वज्र्या, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, ते ते हा माणूस गावोगाव हिंडून उचलत होता. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा आणून त्यांनी इथे उभा केलाय. १९७५ मध्ये हे सगळं त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलं. एकूण वस्तू २० हजारांच्या घरात, आणि आपल्याला दिसतो तो त्यातला थोडासाच भाग.

२०१९ मध्ये मी आजीला तिथे घेऊन गेले. त्याला एक कारण होतं. तीन वर्षांपूर्वी आमचा सातारा जिल्ह्यातला गावाकडचा वाडा पाडला. चार भावांच्या वाटण्या झाल्या, स्लॅबची घरं उभी राहिली. माळ्यावरचं तांब्यापितळेचं सामान कुणाच्याच नव्या घरात मावेना. मग काय, मोडवाला आला, तराजू लावला आणि घंगाळं, समया, पानाचे डबे, सगळं वजनावर गेलं. किलोचा भाव मिळाला. आजी ओसरीवर बसून बघत होती. तेव्हा ती काही बोलली नाही आणि पुण्याला आमच्याकडे राहायला आल्यावरही कधी बोलली नाही.

म्युझियममध्ये ती आधी भराभर चालत होती. अडकित्त्यांच्या कपाटापाशी आली आणि थांबली. मोराच्या आकाराचे, घोड्याच्या आकाराचे, नक्षीचे, साधे. त्याच वेळी कुठल्याशा शाळेची ट्रिप आली होती. एका मुलीने बाईंना विचारलं, "हे काय आहे?" बाईंनी कार्ड वाचलं. आजीला राहवलं नाही. "अगं, सुपारी कातरायचा तो. असा धरायचा." रिकाम्या हातानेच तिने करून दाखवलं. "पाव्हण्यांना खांडं द्यायची. आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांना अशी पातळ कातरायची, तोंडात विरघळली पाहिजे." पुढच्या दहा मिनिटांत तिच्याभोवती चाळीस पोरांचा घोळका. "आजी, हे काय?" "वज्री. टाचा घासायची. आता तुमच्या आया पार्लरला जातात ना, ते." बाई आणि पोरं सगळी खो-खो हसली.

पोरं पुढे गेली. आजी पुन्हा काचेपाशी आली. म्हणाली, "असाच होता गं आमच्यात. माझ्या सासूबाईंच्या हातात असायचा." मग कार्डाकडे बोट करून म्हणाली, "इथं सगळं लिवलंय. कुणाच्या हातातला होता, तेवढं नाही लिवलं."

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने तिची ट्रंक उघडली आणि लुगड्याच्या घडीतून एक अडकित्ता काढला. साधा, लोखंडी पात्याचा, पितळी दांड्यांचा. मोर नाही, घोडा नाही. "तराजू लावला ना, तवा ओच्यात लपवला मी," ती म्हणाली. तिच्या सासूबाई शिंगणापूरच्या यात्रेला चालत गेल्या होत्या, तिथून त्यांनी आणलेला. येताना घरच्या सगळ्यांसाठी काही ना काही घेतलं आणि शेवटी उरल्या पैशांत स्वतःसाठी हा. दुकानदाराशी घासाघीस कशी केली, परतताना पाऊस कसा लागला, घरी आल्यावर आजेसासऱ्यांनी खर्चावरून कशी कटकट केली, सगळं आजीला ऐकून ऐकून पाठ होतं. मी मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड केलं. अकरा मिनिटं.

म्हणजे बघा, हेसुद्धा एक सूव्हेनिअरच होतं! यात्रेहून आणलेलं. आजी २०२१ मध्ये गेली. अडकित्ता माझ्याकडे आहे, आणि त्याच्यासोबत एक चिठ्ठी. त्यावर दोन बायकांची नावं, यात्रेचं नाव आणि 'ओच्यात लपवला' एवढी माहिती. केळकरांच्या कपाटातल्या अडकित्त्यांपुढे हा काहीच नाही. पण त्या कार्डांवर नसलेली ओळ याच्या चिठ्ठीवर आहे.

जिथे कारागीर समोर बसतो

तेव्हापासून माझा एक नियम झालाय. काही घ्यायचं, तर शक्यतो ते बनवणाऱ्या हाताकडून घ्यायचं, आणि त्या हाताचं नाव विचारायचं.

हे सगळ्यात सोपं कुठे आहे, सांगू? सावंतवाडीत. २०२२च्या डिसेंबरमध्ये आम्ही दोघं गाडीने गोव्याला निघालो होतो. जगात दोन प्रकारचे लोक असतात, म्युझियमच्या आत जाणारे आणि बाहेर कॉफी घेऊन थांबणारे. माझा नवरा दुसऱ्या गटातला. "सुट्टीत राजवाडा? अगं, बीच सोडून?" "अरे, दहा मिनिटं. रस्त्यातच आहे." मोती तलावाच्या काठचा तो लाल राजवाडा. आत एका खोलीत कलाकार मान खाली घालून गंजिफाची पानं रंगवत बसलेले.

गंजिफा म्हणजे आपले जुने पत्ते, पण गोल. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. दहा आकड्याचं पान म्हणजे टिकलीएवढे दहा मासे, हाताने काढलेले! ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच काम सुरू करून ती पुन्हा उभी केली. म्हातारे कारागीर शोधले, नवे शिकवून तयार केले. सत्त्वशीलादेवी स्वतः ब्रश घेऊन बसायच्या.

दहा मिनिटांचे दोन तास झाले. कॉफीवाले आमचे साहेब खुर्ची ओढून त्या कलाकारांशेजारी बसले होते. "हात हलत नाही का हो तुमचा?" "हलतो ना. म्हणून तर श्वास धरायचा." आम्ही संच घेतला. छापील पत्त्यांच्या मानाने महाग, यात वाद नाही. पण त्या दिवसाच्या बीचवरच्या जेवणाच्या बिलाशी तुलना केली, तर फार काही वाटलं नाही. पेटीच्या तळाला रंगवणाऱ्यांचं नाव आणि तारीख त्यांच्याच हाताने लिहून घेतली. ते आधी लाजले, मग वळणदार अक्षरात लिहून दिलं.

तिथून चितारआळीत गेलो. लाकडी आंबे, केळी, मिरच्या, वांगी, भातुकली, बैलगाड्या. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा एक आंबा भाचीसाठी घेतला. तिने घरी आल्या आल्या चावा घेऊन बघितला, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं?

ऑफिसमध्ये वाटायला गोव्याहून काजू आणले होते. ते दुपारच्या चहाआधी संपले. गंजिफा मात्र अजून चालू आहे. नियम शिकायला आम्हाला एक अख्खा पावसाळा लागला, आणि तरी राजा आधी की प्रधान यावरून भांडणं होतातच. फक्त एक अडचण आहे. खेळायला तीन गडी लागतात. रविवारी संध्याकाळी मोकळं असेल असं कुणी ओळखीचं असेल, तर कळवा!

पिशवी भरताना...

• आठ वस्तू नकोत, एकच घ्या. पण ती कशी बनते, हे दुकानातून बाहेर पडायच्या आत विचारून घ्या. सांगता आलं नाही, तर ती वस्तू तिथली नसण्याची शक्यता जास्त.

• म्युझियम आधी, खरेदी नंतर. सालारजंगमधली बिदरी बघून बाजारात गेलात, की चांगल्या-वाईट कामातला फरक डोळ्याला आपोआप कळतो. बिदरीला अधूनमधून तेलाचा हात फिरवा, काळा रंग खुलतो.

• बजेट नाही? पोस्टकार्ड घ्या. मागे तारीख आणि एक ओळ लिहा.

• 'अँटिक' म्हणून काही विकत असेल, तर सावध! १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे.

• हस्तिदंत, शहातूश शाल, प्रवाळ यांच्या वाटेला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकाल.

• सुट्टीचा वार बघून निघा. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, भाऊ दाजी लाड बुधवारी. लंडनला टिपूचा वाघ बघायचा असेल, तर तो सध्या कुठे मांडलाय, हे म्युझियमच्या वेबसाइटवर आधी तपासा.

• आणि सगळ्यात स्वस्त टिप. घरातल्या माळ्यावर चढा. एखादी जुनी वस्तू खाली आणा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापुढे ठेवा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. मोडवाल्याला फोन त्यानंतर करा.